न उतरलेली हळद

आमच्या आळीत कुणाचे डोळे जरा पिवळट दिसले की पहिलं बोलावणं मला येतं. मी डॉक्टरीण नाही की वैदीण नाही. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, झालेली, अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाची बायको. पण लग्नातच कावीळ घेऊन सासरी आलेली सून अशी माझी ख्याती आहे, आणि ख्याती कशाचीही असो, लोक सल्ला विचारायला येतातच. विचारतात तेही ठरलेलं. हळद द्यायची की बंद करायची? गेल्या दोन वर्षांत तेच ते इतक्यांदा सांगून झालंय की म्हटलं, आता एकदा लिहूनच टाकावं. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. पण लिहायचं तर सगळं लिही."

मला लहानपणापासून 'का' विचारायची खोड आहे. आई म्हणायची, हिच्या पानात मीठ वाढलं तरी विचारील, डावीकडेच का. पुढचं सगळं त्या खोडीमुळे घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

चढली, चांगली चढली

लग्न माझ्या माहेरी, बदलापूरला झालं. आधीचे आठ दिवस मला अन्न नको झालं होतं. भाताच्या वाफेनंसुद्धा मळमळायचं. आई म्हणाली, लग्न ठरलेल्या मुलीला भूक कुठून लागणार. मलाही ते पटलं. अंग मोडून यायचं, तर घरात धावपळ होतीच.

हळदीच्या दिवशी अंबरनाथहून उष्टी हळद आली. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीला लावतात, ती. आईच्या हौसेला मोल नव्हतं. तिनं वाटीत घरची हळद आणखी कालवली आणि पाच सवाष्णींनी मला तळपायापासून मानेपर्यंत माखून काढलं. दुसऱ्या दिवशी बोहल्यावर उभी राहिले तर जो तो म्हणत होता, काय हळद चढलीय पोरीवर. जिच्यावर हळद खुलते तिला सासर मानवतं, असं बायका म्हणतात. आई ऐकून ऐकून फुलत होती.

लग्न लागल्यावर सूनमुख झालं. म्हणजे सासू सुनेला शेजारी बसवते, दोघींसमोर आरसा धरतात, सासूनं सुनेचा चेहरा त्या आरशात बघायचा आणि मग तिच्या तोंडात साखर घालायची. सासूबाईंनी माझा चेहरा बराच वेळ बघितला. इतका, की मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, फोटो काढताय की काय?" सगळे हसले. मग त्यांनी साखर घातली. माझ्या मनात आलं, आवडले वाटतं मी ह्यांना.

अंबरनाथला दोन खोल्यांचं घर. पूजा झाली, मग आज यांच्याकडे जेवण, उद्या त्यांच्याकडे. नवी सून म्हणून पानात पुऱ्यांवर पुऱ्या, श्रीखंड, तळण. नाही म्हणायची सोय नव्हती. मी खायची आणि मोरीत जाऊन ओकायची, आणि बाहेर येताना तोंड पुसून हसायची. पाचव्या दिवशी आम्हा दोघांना न्हाऊ घालून हळद उतरवली. ह्यांची उतरली. माझी राहिली. सासूबाईंनी बेसन आणि साय लावून माझे हात चोळले, एकदा, दोनदा, मग तांब्या खाली ठेवला.

शेजारीण म्हणाली, "चढली म्हणजे चांगलीच चढली."

"उतरेल हळूहळू," सासूबाई म्हणाल्या.

सोड्याचं पाणी

लग्नानंतर दहावा दिवस असेल. हळदीचे कपडे धुवायचे राहिले होते. मी मोरीत बसले, घमेल्यात धुण्याचा सोडा कालवला आणि ह्यांचा हळदीचा पंचा त्यात बुडवला. डाग लालभडक झाले. यात नवल काही नाही, हळदीचा डाग साबणानं लाल होतो हे घरोघरी ठाऊक आहे. पुढे उन्हात टाकला की उडतो.

पण त्याच पाण्यात माझे हात होते, आणि ते पिवळेच होते.

मी हात बाहेर काढले, परत घातले. थोडा सोडा चिमटीत घेऊन मनगटावर चोळला. चुरचुरलं, पण रंग तोच. पंचा लाल, हात पिवळे. का?

नव्या सुनेनं सासूच्या देखत नवऱ्याला हाक मारायची नसते. मी मारली. "अहो, जरा इकडे या, हे बघा काय आहे."

हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. आले, वाकून बघितलं आणि त्यांनाही मौज वाटली. म्हणाले, "आमच्याकडे हळदीत भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या असतात. पाण्यात क्षार असला की पट्टी लाल होते. सोडा म्हणजे क्षारच."

"मग माझी हळद का होत नाही लाल?"

ते हसत होते ते थांबले. मला हाताला धरून खिडकीपाशी नेलं आणि म्हणाले, "वर बघ." मी वर बघितलं. त्यांनी बोटानं माझी खालची पापणी ओढली. मग हळूच म्हणाले, "ही हळद नाही."

चुलीपाशी सासूबाईंच्या उलथन्याचा आवाज थांबला होता.

म्हणून मी सगळ्यांना पहिलं हेच सांगते. लग्नघरात मुलीची कांती बघू नका, डोळे बघा. डोळ्यात कुणी हळद लावत नाही.

कॅम्प चारमधली बराक

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एक सिंधी डॉक्टर होते. हे आणि सासूबाई मला तिकडे घेऊन गेले. मिलिटरीच्या जुन्या बराकीत निर्वासितांची बिऱ्हाडं, आणि तसल्याच एका बराकीत त्यांचा दवाखाना, दहा खाटांचा. त्यांनी डोळे बघितले, पोट दाबलं, मी कळवळले. म्हणाले, "बेटी, हल्दी आंख में भी लगाई थी क्या?" आणि ह्यांच्याकडे वळून, "पीलिया है. दस-बारा दिन से ऊपर का. पहले क्यूं नहीं लाए?"

ह्यांनी मला तिथल्याच एका खाटेवर निजवलं.

संध्याकाळी बदलापूरहून आई धावत आली. बराकीच्या दारातच सासूबाईंनी तिला गाठलं. मी आत खाटेवर होते, मधे नुसता गोणपाटाचा पडदा. सासूबाईंचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. म्हणाल्या, "मुलगी आजारी होती, ती हळदीखाली झाकून आमच्या गळ्यात घातलीत. आता बरी करा आणि तुमच्याकडेच ठेवा. न्यायचं की नाही ते आम्ही मागनं बघू."

आईनं शपथा घेतल्या. सासूबाई निघून गेल्या. आई आत येऊन माझ्या पायाशी बसली आणि तळपायावरचा पिवळा रंग अंगठ्यानं घासत राहिली. "मीच दाट कालवली गं," एवढंच म्हणत होती. त्या दिवशी मला कावीळ झाल्याचं दुःख झालं नाही. माझ्या आईला खोटारडी म्हटलं, त्यानं मला रडू आलं.

तेरा दिवस तिथं होते. सकाळी नळाला पाणी आलं की बराक जागी व्हायची, बादल्यांचा खणखणाट. मग नर्सबाई थर्मामीटर घेऊन. मग लघवीची बाटली उजेडात धरून बघणं. मला त्या बाटलीचं भारी कुतूहल. पहिल्या दिवशी रंग काळ्या चहासारखा होता. मी रोज विचारायची, "आज कसा?" नर्सबाई म्हणायची, "आज दूध घातलंय थोडं." तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. खायला पेज, उकडलेला बटाटा, ग्लुकोजचं पाणी, उसाचा रस.

डॉक्टर रोज सकाळी विचारायचे, नाव काय, गाव कुठलं, आज वार कोणता. तीन दिवस मी गमतीनं उत्तरं दिली. चौथ्या दिवशी नर्सबाईला विचारलं, हे का विचारतात? ती म्हणाली, "काविळीत कधी कधी डोकं भरकटतं. तसं झालं तर मग आमच्या हातात फार राहत नाही. म्हणून बघतात." त्या दुपारी मी इतकी घाबरले की झोप आली तरी डोळे मिटेनात. पडल्या पडल्या वार म्हणत होते, सोमवार, मंगळवार, बुधवार. 'का' विचारल्याचा पस्तावा झाला असा तो एकच प्रसंग.

शेजारच्या खाटेवर एक सिंधी म्हातारी होती, पाय मोडलेला. ती माझं वार म्हणणं ऐकत होती. म्हणाली, "पुट, माला जप रही है क्या?" पुट म्हणजे त्यांच्यात बाळ. मी सांगितलं. ती हसली नाही. पुढे रोज दुपारी तीच मला विचारायची, "बोल, आज कौन सा वार?" मी बरोबर सांगितलं की "शाबाश" म्हणून उशीखालून खडीसाखर काढून द्यायची. पहिल्यांदा मला जे गोड लागलं ते ही खडीसाखर.

हळदीचं काय

आता मुद्द्यावर येते.

सासूबाईंनी ह्यांच्याबरोबर निरोप धाडला होता. हळद पूर्ण बंद, पिवळ्यानं पिवळं वाढतं. माझ्या आईचं उलटं. तिच्या मते हळदीला बरं करता येत नाही असा रोगच नाही. विळीनं बोट कापलं, हळद दाब. घसा धरला, हळद-दूध. खोकला, मुरगळ, बाळंतीण, सगळ्यांना हळद. पण विहीणबाईंच्या शब्दाची तिला धास्ती, म्हणून तिनंही बंद केली. मग तिला नवीनच चिंता लागली. कुंकू हळदीचंच करतात, मग कुंकवाचं काय करायचं? नव्या सवाष्णीचं कपाळ मोकळं कसं ठेवायचं? दोन दिवस ती या विवंचनेत होती. शेवटी तिनं डॉक्टरांनाच विचारलं, मोडक्या हिंदीत. डॉक्टर खुर्चीवर बसून पोटभर हसले.

मग मी विचारलं, "हल्दी से फायदा है की नुकसान?"

ते म्हणाले, "दाल में जितनी पडती है उतनी से पीलिया न बढेगा, न जाएगा. पुडिया भर-भरके मत खाना, लिवर अभी कच्चा है."

"लेकिन फायदा?"

"मेरी मां बोलती थी, है. कॉलेज में किसी ने बोला नहीं. मुझे मालूम नहीं."

आजवर ज्यांना ज्यांना मी विचारलं होतं त्या सगळ्यांकडे उत्तर होतं. 'मला माहीत नाही' म्हणणारा हा पहिला माणूस, आणि माझा विश्वास बसला तो त्याच्यावर. तुम्ही विचारायला आलात तर मीही तेच सांगते. कापल्यावर हळद दाबून रक्त थांबलेलं मी बघितलंय. हळद-दुधानं माझा घसा सुटलाय, आता तो हळदीनं की ऊन दुधानं, देव जाणे. कावीळ मात्र हळदीनं जाताना बघितली नाही, आणि वाढतानाही बघितली नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर हळदीनं मला बरं केलं नाही, पकडून दिलं.

म्हातारीलाही विचारलं होतं. ती म्हणाली, "घर छूटा, गली छूटी, कुआं छूटा. हल्दी इधर भी वैसी ही मिली. मेरे को इतना फायदा बस है."

बशा आणि पट्ट्या

मग माहेरी आणलं. पुढचे सहा आठवडे कात्रपच्या वाटेवरच्या आमच्या घरात पडून. समोर नुसती भाताची खाचरं. शेजारणी बघायला यायच्या आणि जाताना आईला विचारायच्या, "मग, नेणार कधी?" आईनं हळदीकुंकवाला जायचं सोडलं. हळदीचा डबा फडताळात सगळ्यात वर, हात पुरणार नाही असा ठेवून दिला.

एक दिवस ती डोंगराकडच्या पाड्यावरून कावीळ उतरवणाऱ्या आजोबांना घेऊन आली. डॉक्टरांचं औषध चालूच होतं, पण आईचं मन. आजोबांनी परातीत चुन्याचं पाणी केलं, माझे हात त्यात धरले आणि मंत्र पुटपुटत चोळले. पाणी हळूहळू पिवळं झालं. आई हात जोडून उभी.

मी म्हटलं, "आजोबा, चुन्यात हळद पडली तर लाल होते. हे लाल का नाही झालं?"

आजोबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बाय, ही तुजी कावील हाय. हलद न्हाय."

आजोबा हुशार होते. त्यांच्या मुठीत कसल्यातरी झाडाची साल होती, पिवळा रंग तिचाच, ती मला दिसली होती. मी बोलणार होते, तेवढ्यात आईचा चेहरा बघितला. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली होती. मी गप्प बसले. त्या दुपारी ती दोन तास गाढ झोपली. मला मंत्राचा काय उपयोग झाला ते सांगता येणार नाही, आईला झाला.

हे दर रविवारी यायचे. तंबाखूच्या डबीत हळदीच्या कागदाच्या पट्ट्या आणायचे. आम्ही बशा मांडून बसायचो. एकीत चुन्याची निवळी, एकीत सोडा, एकीत चिंचेचं पाणी, एकीत राख कालवलेली. पट्टी लाल झाली की तिच्यावर लिंबू पिळायचं, ती परत पिवळी. आई वैतागायची, "आजारी माणसं अशी असतात होय?" नवराबायकोची आमची ओळख खरी झाली ती त्या बशांवर. नाहीतर अंबरनाथच्या घरात आम्ही दोघं धड चार वाक्यंसुद्धा बोललो नव्हतो.

एका रविवारी त्यांनी पट्टी बुडवता बुडवता म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, आता नेता येईल. मी पुढच्या रविवारी न्यायला येतो."

"तुमच्या आई काय म्हणतात?"

"काही बोलत नाही. तुझं नाव निघालं की उठून आत जाते."

"मग मी येणार नाही," मी म्हटलं. "तुमच्याबरोबर गुपचूप आले तर 'झाकून दिली' हा शब्द माझ्या आईच्या नावावर जन्मभर राहील. त्यांनी इथं यावं, माझ्या आईच्या दारात. न्यायचं तर त्यांनी न्यावं."

"आणि नाही आली तर?"

मी लाल पट्टीवर लिंबू पिळलं. ते गेल्यावर मी आईला काही सांगितलं नाही. आठ दिवस मला जेवण जात नव्हतं, आणि आई दिवसातून दोनदा माझे डोळे तपासत होती, परत उलटलं की काय म्हणून.

करंडा

पुढच्या रविवारी दोघं आले. सासूबाई पुढे, हे मागे. सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि डोळे बघितले. "स्वच्छ आहेत," म्हणाल्या. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. 'झाकून दिली' या शब्दाचा विषय कुणीच काढेना. मला वाटलं, असंच उठायचं दिसतंय.

निघताना आईनं ओटी भरायला ताट आणलं. ताटात नुसतंच कुंकू.

"हळद कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हीच बंद म्हणाला होतात ना," आई म्हणाली. ती चौरंग घेऊन त्यावर चढली, फडताळातला डबा काढला, करंड्यात हळद घालून आणली. सासूबाईंनी करंडा हातात घेतला, पण बोट बुडवलं नाही. मांडीवर ठेवून त्याच्याकडेच बघत राहिल्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "झाकलं ते तुम्ही नाही. मी झाकलं. सूनमुखाला आरशात मला हिचे डोळे दिसले होते. हळद अंगाला लागते, डोळ्याला नाही, एवढं मला कळतं."

ह्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. माझ्या डोळ्यांसमोर त्या पुऱ्या आल्या, ते श्रीखंड, ते मोरीतलं ओकणं, डॉक्टरांचं 'पहले क्यूं नहीं लाए'. मला इतका राग आला की कान तापले.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. सासूला असं विचारतात का? पण विचारलं.

"बोलले असते तर आमच्या माणसांनी तुला घेऊन जाऊ दिलं नसतं. लग्न लागलेली मुलगी मांडवातच राहिली असती, आणि मग कुणी विचारलं असतं तुला? आणि मला तू आवडली होतीस. वाटलं, साधी कावीळ, घरी नेऊन पथ्यानं काढू. मग रोज जेवणाची आमंत्रणं. रोज म्हणायची, आज सांगते. जसजसा उशीर झाला तसतशी बोलायची सोय राहिली नाही. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं ना, आधी का नाही आणलं, तेव्हा सगळं अंगावर येईल म्हणून मी तुमच्यावर ढकललं, विहीणबाई."

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं पुसलंही नाही. म्हणाली, "लावा आता हळद. उशीर होतोय तुम्हाला."

राग गेला असं मी म्हणणार नाही. पुढे कितीतरी दिवस तो अधूनमधून यायचा. पण मी कपाळ पुढे केलं. सासूबाईंनी लावलेली हळद भुवईपर्यंत सांडली. त्यांनी ती पुसली आणि बोट स्वतःच्या पदराला पुसलं.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथला ते लुगडं धुवायला मीच घेतलं. घमेल्यात सोडा कालवला आणि पदर बुडवला. डाग लाल झाला. मी सासूबाईंना हाक मारली आणि म्हटलं, "बघा, ही हळद." त्या माझ्याशेजारी मोरीत उकिडव्या बसल्या आणि आम्ही दोघींनी मिळून तो पदर पिळला.